सोळाशे सीसीची भूक

यंदाच्या अंकाचा विषय ‘ताकद’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा बाकीचे लेखक तालमीत जातील नाहीतर राजकारणात, हे उघड होतं. मी राहतो कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत. इथं तालीम नाही, पण ताकदीच्या मागं लागलेली एक वेगळीच जमात आहे. शनिवार उजाडला की ही माणसं घराच्या गराजचं शटर वर करतात, पस्तीस वर्षं जुन्या गाडीचं बॉनेट उघडतात आणि त्यात डोकं घालून दुपारपर्यंत उभी राहतात. त्यांना घोडे हवे असतात. आणखी दहा, जमलं तर वीस, आणि बायकोला पत्ता लागणार नसेल तर शंभर.

त्यातला एक माझ्या ओळखीचा निघाला. कोल्हापूरचा गडी, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. आपण त्याला कोल्हापूरकरच म्हणू. त्याच्याकडं १९९० सालची लाल माझदा मियाटा आहे. दोन माणसं, उघडं छप्पर, मागच्या चाकांना ताकद. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या ब्रिटिश गाड्यांची मजा परत आणायची, पण त्यांची तेल गळण्याची सवय मात्र नको, अशा हिशेबानं काढलेली गाडी. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकारानं १९७९मध्ये माझदाच्या केनिची यामामोटोंपुढं ही कल्पना मांडली. पुढं कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत तिचं रूप ठरत गेलं, आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. इंजिन १.६ लिटरचं, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. ताकद ६५०० आरपीएमला ११६ अश्वशक्ती. आज पुण्यातली एखादी टर्बोवाली हॅचबॅकही तेवढी देते. मियाटाचं वजन टनाच्या आत असल्यानं ती एवढ्यावरही मजेत पळते. पण ‘अजून थोडी असती तर’ हा किडा प्रत्येक मालकाच्या डोक्यात कधी ना कधी वळवळतोच.

या पिढीच्या गाड्यांची अडचण मात्र खास आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट बदला, स्क्रू फिरवा, कान लावा, काम झालं. अमेरिकेत १९९६पासून सगळ्या गाड्यांना एकसारखं निदानाचं सॉकेट आलं आणि नंतर बऱ्याच गाड्यांत त्यातूनच लॅपटॉपनं प्रोग्राम बदलता येऊ लागला. मियाटा या दोन्हींच्या मधली. तिच्यात कॉम्प्युटर आहे, पण त्याच्याशी बोलायला तोंड नाही. हिरोशिमात कुणीतरी ठरवलेले आकडे तो अजून इमानानं पाळतोय. त्यामुळं अशा इंजिनातून ताकद काढायची म्हणजे यंत्राइतकीच त्या मुक्या डब्याचीही समजूत काढावी लागते.

आधी हरवलेले शोधा

शहराच्या दक्षिणेला कोल्हापूरकराच्या मेकॅनिकचं गराज आहे. म्हातारा मेक्सिकन वंशाचा, साठी उलटलेला, बोलणं तुटक. टर्बोचा विषय काढला तसा त्यानं हात वर करून थांबवलं आणि ड्रॉवरमधून कॉम्प्रेशनचा गेज काढला. चारही प्लग बाहेर, इंजेक्शन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, एकेका भोकात गेज आणि स्टार्टर. सुई कुठवर चढली हे तो मार्करनं बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर लिहून ठेवत होता. तिघांचं बरं होतं, चौथा जरा मागं. त्या सिलिंडरात त्यानं चमचाभर तेल सोडलं आणि परत स्टार्टर मारला. सुई वर आली. तेलानं दाब वाढला म्हणजे रिंगा थोड्या झिजल्यात, व्हॉल्व्ह ठीक आहे. ‘चालेल,’ एवढंच म्हणाला.

मग त्यानं कोल्हापूरकराला गाडीत बसवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगितलं आणि स्वतः थ्रॉटलच्या तोंडाशी टॉर्च धरून वाकला. मलाही बोलावून दाखवलं. पाय तळाला टेकला होता, पण आतली पितळी चकती पूर्ण आडवी झालीच नव्हती. केबल सैल पडली होती. म्हणजे हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं पूर्ण थ्रॉटलवर गाडी चालवतोय अशा समजुतीत होता, आणि इंजिनाला पूर्ण थ्रॉटल कधी मिळालाच नव्हता. दोन नट फिरवले, संपलं. या लेखात पुढं जे काही खर्चाचं येणार आहे, त्यातल्या कितीतरी गोष्टींपेक्षा हे काम मोठं, आणि फुकट.

बाकीची यादी रटाळ आहे, म्हणून भरभर सांगतो. इंजेक्टर काढून बाकावर धुऊन आणले, कारण इतक्या जुन्या इंजेक्टरमधून पेट्रोलची धूळ उडायच्या ऐवजी पिचकारी उडते. प्लगच्या वायरी, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर बदलले. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो, तोही आटोपला. ते करताना म्हाताऱ्यानं पुढची क्रँक पुली हातानं हलवून पाहिली. सुरुवातीच्या मियाटांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट नीट आवळला गेला नाही तर पुलीला धरून ठेवणारी छोटी किल्ली आपली खाच खात जाते, पुली डुगडुगते आणि अख्खा क्रँक वाया जातो. हे बघितल्याशिवाय ताकद वाढवणं म्हणजे आधी कळस मग पाया.

फ्लॅप आणि डबा

आता हवेकडं येऊ. पेट्रोल कितीही ओता, ते जाळायला हवा लागतेच, आणि हवेचा हिशेब सोपा आहे. १.६ लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांना आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. ७००० आरपीएमला मिनिटाला ५६०० लिटर झाली. एवढी हवा आत घेताना वाटेत जे जे आडवं येईल, ते ते ताकद खातं.

या मियाटात आडवा येतो तो एअरफ्लो मीटर. बॉशनं १९७०च्या दशकात बाजारात आणलेल्या एल-जेट्रॉनिकच्या तत्त्वावर तो चालतो. ॲल्युमिनियमच्या पेटीत एक फ्लॅप, त्याला स्प्रिंग. इंजिन हवा ओढतं, फ्लॅप ढकलला जातो. तो किती उघडला हे त्याच्या आसाला जोडलेली एक बारीक पट्टी काळ्या कार्बनच्या पट्ट्यावर सरकून विजेच्या दाबात सांगते. डबा तो आकडा वाचतो, आरपीएम बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. गाडी बंद पडून फ्लॅप मिटला की पेट्रोल पंपही बंद पडावा, याचं बटण त्याच पेटीत. हुशारीचं काम आहे. फक्त हा फ्लॅप पूर्ण ताकदीच्या क्षणीही हवेच्या वाटेत उभा असतो.

म्हाताऱ्यानं पेटीचं चिकटवलेलं काळं झाकण ब्लेडनं सोडवलं. आत दातेरी चाक दिसलं, घड्याळातल्यासारखं, आणि त्याला अडकलेली पातळ स्प्रिंग. कार्बनच्या पट्ट्यावर जिथं पट्टी सगळ्यात जास्त फिरते, तिथं झिजून चकाकणारी रेघ उमटली होती. हौशी लोक हे चाक एक-दोन दाते पुढं सरकवतात. स्प्रिंग ताठ होते, त्याच हवेला फ्लॅप कमी उघडतो, डब्याला वाटतं हवा कमी आली, आणि तो पेट्रोल कमी सोडतो. याचा फायदा का व्हावा? कारण पूर्ण थ्रॉटलला कंपनीनं मिश्रण गरजेपेक्षा जाड ठेवलंय. जादा पेट्रोलानं इंजिन आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर दोन्ही थंड राहतात. ते जाडेपण थोडं काढलं की ताकद थोडी वाढते. सावकाश चालवताना मात्र ऑक्सिजन सेन्सरच मिश्रण १४.७ला एक या प्रमाणात आणून ठेवतो, त्यामुळं रोजच्या रस्त्यावर या कारागिरीचा पत्ताही लागत नाही. म्हाताऱ्यानं चाकाला हात लावला नाही. झाकण परत चिकटवलं.

याच काळातल्या पोर्शे ९११ कॅरेरा ३.२वाल्यांचं बरं आहे. त्यांच्या मोट्रॉनिक नावाच्या डब्यातली चिप काढून दुसरी बसवली की प्रज्वलनाचे आणि पेट्रोलचे सगळे आकडेच बदलतात, म्हणून त्यांच्यात चिपांचा धंदा दणक्यात चालला. मियाटाच्या डब्यात तशी सोय नाही.

दहाचे चौदा

एक युक्ती मात्र या गाडीच्या मालकांत तोंडपाठ आहे. बॉनेटखाली डाव्या बाजूला छोटी निदानाची पेटी असते. तिच्यातल्या ‘टेन’ आणि ‘ग्राउंड’ या दोन भोकांत वायरचा तुकडा खुपसला की डबा स्वतःची अक्कल बाजूला ठेवून मूळ टायमिंग दाखवतो. टायमिंग लाइट पुलीवर मारायची. कंपनीचा आकडा आहे १०, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या १० अंश आधी ठिणगी. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात जेमतेम जाईल अशा जागी, कॅमशाफ्टचा सेन्सर बसतो. त्याचा एक बोल्ट सैल करून सेन्सर किंचित फिरवला की टायमिंग पुढं येतं. लोक १४वर नेतात, कोल्हापूरकरानंही नेलं.

ठिणगी आधी का लागते? पेट्रोल भसकन जळत नाही, ज्वाळेला सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. पिस्टन खाली वळता वळता दाब जोरात यावा, म्हणून आग आधीच लावावी लागते. कंपनीनं सगळ्यात स्वस्त, ८७ ऑक्टेनचं पेट्रोल गृहीत धरून टायमिंग मागं ठेवलं. कॅलिफोर्नियात महागडं पेट्रोल ९१चं मिळतं. ते भरलं तर चार अंश पचतात, आणि त्याचा फायदा शेवटच्या आरपीएमपेक्षा मधल्या पट्ट्यात, रोजच्या पिकअपमध्ये जाणवतो. पेट्रोल हलकं भरलं तर ठिणगीनंतर ज्वाळ पोचायची वाट न बघता उरलेलं मिश्रण आपणच पेटतं. गराजवाले ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच, आणि ते पिस्टनला खातं. या इंजिनाला नॉक सेन्सर नाही. ऐकणारा एकच, गाडी चालवणाऱ्याचा कान. आणि छप्पर उघडं असताना वाऱ्यात तो कान काय ऐकणार?

रोलरवर

इथवरचं सगळं खरं की मनाचे खेळ, हे कळायला डायनो लागतो. आम्ही गेलो ती जागा गोदामांच्या वस्तीत होती. गाडीची मागची चाकं जमिनीतल्या जाडजूड रोलरवर, चारी बाजूंनी पट्टे आवळलेले, तोंडासमोर माणसाच्या उंचीचा पंखा. चौथा गिअर, कारण या गाडीत तो थेट एकास एक आहे. चालवणारा पोरगा सावकाश २५०० आरपीएमला आला, आणि मग पाय पूर्ण खाली. रोलरचं वजन ठाऊक आहे, तो किती वेगानं गती घेतो ते मोजलं की ताकद निघते. बारा-पंधरा सेकंद पत्र्याचं छत थरथरत होतं. मग क्लच दाबून त्यानं गाडी सोडून दिली आणि पडद्यावर दोन रेघा उमटल्या.

आकडा नव्वदीच्या घरात. कोल्हापूरकराचा चेहरा उतरला. ‘११६ कुठं गेले?’ पोराला या प्रश्नाची सवय होती. कंपनीची अश्वशक्ती इंजिनाच्या टोकाशी मोजतात. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर हे सगळे आपापला वाटा घेऊन उरलेलं चाकाला देतात. पंधरा टक्क्यांच्या आसपास घट धरण्याचा रिवाज आहे. त्या हिशेबानं या वयाच्या गाडीचं काही वाईट चाललं नव्हतं.

मला त्या आकड्यापेक्षा रेघांच्या आकारात रस वाटला. ६५००च्या पुढं टॉर्कची रेघ घसरत होती, जणू इंजिनाचा श्वास तोकडा पडतोय. शेजारच्या पडद्यावर मिश्रणाचा आकडा त्याच जागी जाड होत होता. सायलेन्सर बदला, हेडर बसवा, फिल्टर उघडा करा, असे सल्ले देणारे आजूबाजूला पुष्कळ होते. पण या मियाटाचा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच नळ्यांचा आणि बऱ्यापैकी चांगला आहे. तिथं पैसा ओतून येतो तो मुख्यतः आवाज. टर्बोशिवायच्या छोट्या इंजिनात असे एकेक घोडे विकत घेणं हा सगळ्यात महाग सौदा. हौसेला मोल नाही हे खरं, पण हिशेब तरी माहीत असावा.

हवा कोंबायची तर

एवढ्याशा इंजिनाला खरी ताकद द्यायची तर हवा कोंबावी लागते. मियाटा बाजारात आल्यावर लवकरच टेक्सासच्या कॉर्की बेल यांनी तिच्यासाठी टर्बो बनवायला घेतले. त्यांचं ‘मॅक्सिमम बूस्ट’ हे पुस्तक या जमातीत अजून मांडीवर घेऊन वाचलं जातं. जॅक्सन रेसिंगनं बेल्टवर चालणारा सुपरचार्जर दिला. कोलोराडोत फ्लाइन मियाटा नावाचं दुकानच या गाडीवर उभं राहिलं.

सात पाउंडाचा बूस्ट म्हणजे काय? बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पाउंड. त्यात सात मिळवले की आत येणारी हवा जवळपास दीडपट. दाबलेली हवा तापते आणि विरळ होते, म्हणून तेवढा सगळा फायदा पदरात पडत नाही. इंटरकूलर त्यासाठीच असतो. पण दीडपट हवेला दीडपट पेट्रोल हवं, आणि घोडं इथंच पेंड खातं. ७००० आरपीएमला इंजिनाचं एक चक्र सतरा मिलिसेकंदांत उरकतं. इंजेक्टरला मिळणारा वेळ तेवढाच, आणि मूळचे इंजेक्टर छोटे, कंपनीच्या ११६ घोड्यांपुरते बेतलेले. जरा पुढं गेलं की ते सतत उघडेच राहू लागतात.

जुने किटवाले यावर डब्याला न सांगता उपाय करत. बूस्ट जेवढा वाढेल त्याच्या कित्येक पटींनी पेट्रोलचा दाब वाढवणारा एक रेग्युलेटर लावत. डबा इंजेक्टर उघडतो तेवढाच वेळ, पण त्यातून पेट्रोल जास्त येतं. मात्र दाब दुप्पट केला म्हणून पेट्रोल दुप्पट येत नाही, सुमारे १.४ पटच येतं. पंपाची धाप वेगळीच. शिवाय बूस्ट असताना टायमिंग मागं घ्यायला हवं, हे त्या डब्याला कोण सांगणार? बरीच इंजिनं या जुगाडात गेली.

२०००च्या पुढंमागं ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघांनी मेगास्क्वर्ट हा हौशी लोकांनी स्वतः जोडायचा इंजेक्शन कॉम्प्युटर काढला, आणि चित्र पालटलं. मुका डबा निघाला, त्याच्या जागी लॅपटॉपशी बोलणारा आला. फ्लॅपची पेटीही गेली, कारण नवा डबा मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यांवरून हवा मोजतो. गोदामात एका टर्बोवाल्या मियाटाचं ट्यूनिंग चालू होतं, ते बघायला मिळालं. पडद्यावर चौकटींचा तक्ता, आडवे आरपीएम, उभा दाब. प्रत्येक चौकटीत त्या क्षणी सिलिंडर किती टक्के भरतो त्याचा आकडा. ट्यूनर गाडी रोलरवर एकाच चौकटीत धरून ठेवायचा, वाइडबँड सेन्सरवर मिश्रण बघायचा, आकडा बदलायचा, पुढच्या चौकटीत जायचा. त्याच्या कानावर कारखान्यातले आवाजरोधक होते. त्यांतून रबरी नळी इंजिनापर्यंत गेलेली, आणि नळीचं टोक ठोकून चपट्या केलेल्या तांब्याच्या पाइपाला जोडून इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टनं आवळलेलं. नॉकिंगचा टकटक आवाज सेन्सरऐवजी असा माणसाच्या कानाशी आणायचा. लाखाची गाडी आणि दहा डॉलरचा पाइप.

म्हातारा मेकॅनिक यावर एवढंच म्हणाला, की ताकद वाढली की सगळ्यात अशक्त भाग आपलं नाव सांगतो. या गाडीत तो आधी डिफरन्शियल असतो; १.६च्या गाड्यांतलं छोटं आहे, १९९४पासून मोठं आलं. चाकांवर दोनशेच्या पुढं गेलं की कनेक्टिंग रॉडची काळजी. आणि उष्णता. हे इंजिन मूळचं आडव्या मांडणीच्या माझदा ३२३ गाडीचं. उभं बसवताना मागं फायरवॉलशी जागा नसल्यानं थर्मोस्टॅट पुढं आणला. पाणी पुढून आत, पुढूनच बाहेर. त्यामुळं मागच्या सिलिंडरला पाणी कमी फिरतं. टर्बोवाले म्हणून पाण्याची वाट बदलून ती मागून काढतात.

सरकार मधे येतं

कोल्हापूरकर दोन रात्री टर्बोच्या किमती बघत बसला. वहिनी त्याला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, ‘भावजी, गाडी स्मॉगमध्ये नापास झाली की हे भूत आपोआप उतरेल.’

कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना साधारण दर दोन वर्षांनी स्मॉग चेक असतो, आणि आपल्या पीयूसीची सवय असलेल्याला तो पाहून घाम फुटेल. जुनी गाडी इथंही रोलरवर चढते, ताशी १५ आणि २५ मैलांवर धूर मोजतात. शिवाय तपासनीस बॉनेटखाली टॉर्च घेऊन बघतो, टायमिंग लाइट लावतो. हवा किंवा धुरावर परिणाम करणारा बाहेरचा कुठलाही भाग दिसला की त्यावर राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा मंजुरी क्रमांक शोधतो. क्रमांक नाही, तर धूर गंगाजळाइतका स्वच्छ असला तरी नापास. मेगास्क्वर्टला असा क्रमांक नाही. दर दोन वर्षांनी सगळं उतरवून मूळ भाग चढवणारे लोक आहेत, मी त्यांना हुशार म्हणणार नाही. कोल्हापूरकराची गाडी पास झाली. त्याआधी टायमिंग १०वर आणावं लागलं. नंतर ते तिथंच राहिलं का, हे मी विचारलं नाही.

गंमत अशी, की या गाड्यांत इंजेक्शन आलं त्यात याच नियमांचा मोठा वाटा. बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७मध्ये फोक्सवॅगन १६००वर आलं ते अमेरिकेच्या धुराच्या नियमांसाठी, आणि ऑक्सिजन सेन्सर १९७६मध्ये व्होल्वोवर आला तो कॅलिफोर्नियासाठी. आपल्याकडं कायदा वेगळ्या वाटेनं तिथंच पोचतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावलं.

मला विचाराल तर कॅलिफोर्नियात राहून ताकद हवी असणाऱ्यानं १९९४च्या मियाटाचं १.८ लिटरचं इंजिन बसवावं. १२८ अश्वशक्ती, आणि बसतं जवळपास जसंच्या तसं. इंजिन त्याच किंवा पुढच्या सालाचं असावं, त्याचा डबा, सेन्सर, कन्व्हर्टर सगळं सोबत यावं. मग राज्याचा रेफरी तपासून दाराच्या चौकटीवर लेबल चिकटवतो, आणि लपवाछपवी संपते. घोडे फार वाढत नाहीत, पण आकारमान वाढल्यानं टॉर्क खालपासून मिळतो आणि इंजिन दमत नाही. कोल्हापूरकरानं असं एक इंजिन भंगारवाल्याकडं हेरून ठेवलंय.

आणि पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडं दोन हजार सालाच्या आगेमागे आलेल्या इंजेक्शनवाल्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी: उद्या कुणी ‘डबा बसवा, वीस घोडे वाढवतो’ म्हणत आला, तर त्याच्याकडं एकाच दिवशी, एकाच रोलरवर काढलेले आधीचे आणि नंतरचे आलेख मागा, खाली मिश्रणाची रेघ असलेले. तो दाखवू शकला नाही तर पैसे खिशात ठेवा, आणि घरी येऊन थ्रॉटलची केबल तपासा.